पाचव्या थांब्याचा कचरा

वहिनीचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. उशाशी गजराचं घड्याळ होतं, पण त्याला वाजायची संधी कधी मिळाली नाही. ती आधीच उठून त्याचा कान पिळायची. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, म्हणायचा, "आमच्या घरात घड्याळ तेवढं फुकट खातं."

माझी खोली त्यांच्या खोलीला लागून. मधली भिंत एकेरी विटेची, त्यामुळे पलीकडे काय चाललंय ते न बघता कळायचं. बादली भरली. स्टोव्ह पेटला. डब्याचं झाकण लागलं. मग तिची पावलं, खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत. चहा पीत चालायची. एकदा मी विचारलं, तर म्हणाली, "बसलं की घशाखाली उतरत नाही, भाऊजी."

उजाडायच्या आत ती हॉस्पिटलच्या धुलाईघरात असायची. तळघरातली लांब खोली. एका टोकाला मळक्या कपड्यांची गाडी उलटायची, दुसऱ्या टोकाला घड्यांचे गठ्ठे बाहेर पडायचे, मध्ये सगळी वाफ. आधी निवड. चादरी वेगळ्या, ऑपरेशनचे हिरवे कपडे वेगळे, रक्ताचं वेगळं. खिसे चाचपायचे, कारण डॉक्टर त्यात कात्र्या विसरतात. मग धुण्याचे ड्रम, पिळायचं यंत्र आणि शेवटी तापलेला रूळ. रुळातून चादर निघाली की दोघींनी दोन टोकं धरायची, झटका द्यायचा, घडी घालायची. तो झटका मी बघितलाय. तो खांद्यातून द्यावा लागतो. मनगटातून दिला तर मान कामातून जाते. वहिनीची शेवटपर्यंत शाबूत राहिली.

डाग हा तिचा जुना वैरी. घडी घालताना फिकट डाग जरी दिसला तरी चादर परत मागे. जोडीदारीण वैतागायची. "अगं, पेशंट काय भिंग घेऊन झोपतो?"

"त्याला नाही दिसत. मला दिसला ना."

मी गोदीत जहाजांवरची अवजड वजनं हलवण्याचं काम केलं, निवृत्त होईपर्यंत. घाम बरेच जण गाळतात, पण त्यातला अर्धा वाया घालवतात. वहिनीचा वाया जात नसे. तिचा दोष एवढाच, की काम संपलं हे तिला कळायचं नाही.

दुपारी सुटी झाली की ती घरी येत नसे. ती समुद्रावर जायची.

आमच्या किनाऱ्यासमोर लहान लहान बेटं आहेत. एकामागे एक, मध्ये पाणी. कयाकमध्ये, म्हणजे एका-दोघांच्या अरुंद होडीत, बसायचं, वल्हवत एका बेटावरून दुसऱ्यावर जायचं, तिथे तंबू ठोकून मुक्काम करायचा, सकाळी पुढे निघायचं. काही हौशी लोकांनी अशी वाट आखली होती. तिला सगळे वल्ह्यांची वाट म्हणत. उतरायच्या जागांना थांबे म्हणत आणि थांब्यांना नंबर होते. पगारी माणूस एकही नाही. प्रत्येक थांब्याला एक पालक. त्याने आठवड्या-पंधरवड्याने जायचं, कचरा गोळा करून आणायचा, कोणी चूल मांडली असेल तर दगड पांगवून काळी बाजू खाली करायची, पायवाट भलतीकडे फुटली असेल तर फांद्या टाकून बुजवायची. मिळकत काही नाही. उलट हाताला फोड.

वहिनीचा बाप खाडीत माणसं पलीकडे पोचवणारी तर चालवायचा. शाळेआधी वल्हं तिच्या हातात आलं होतं. पुढे पूल झाला, तर बंद पडली, लग्न झालं, वल्हं सुटलं. तिची पोरगी सासरी गेल्यावर रविवारी दुपारी ती या हौशी लोकांच्या होड्यांच्या शेडपाशी जाऊन उभी राहायला लागली. वाटेचा कारभार एक निवृत्त मुख्याध्यापिका बघायच्या. त्यांना सगळे मास्तरीणबाई म्हणत. त्यांनी एके दिवशी विचारलं, "वल्हवता येतं का तुम्हाला?"

"तुम्हाला येतं का?" वहिनी म्हणाली. "मघापासून बघतेय, पाणी कापायचं सोडून ढवळताय."

मास्तरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी तिला पाचवा थांबा दिला.

पाचवा थांबा कोणी घेत नव्हतं. बेट लहान, मधोमध खुरट्या झाडांची टेकडी, एका बाजूला वाळू, दुसऱ्या बाजूला खडक. तिथे जायला उघडं पाणी ओलांडावं लागे. पण तोच वाटेचा सांधा होता. चौथ्यापासून सहाव्यापर्यंत मध्ये न थांबता जाणं साध्या माणसाच्या खांद्याला झेपत नाही. दुपारचा वारा सुटला की तिथे माणूस अडकतो. पाचवा गेला की वाटेचे दोन तुकडे आणि दोन्ही बिनकामाचे.

दादा म्हणाला, "घरात बादलीभर कपडे भिजत पडलेत आणि बाई समुद्र धुवायला निघाली."

"तुमचे कपडे तुम्ही पिळा. हात आहेत ना?"

त्याने पिळले. पाणी गळत होतं, पण पिळले.

या वाटेवरच्या लोकांची एक रीत होती. तिला ते 'एक उचल' म्हणत. बेटावरून निघताना प्रत्येकाने खाली वाकून एक वस्तू उचलायची, जी आपण आणलेली नाही. बाटलीचं बूच, दोरीचा तुकडा, जे दिसेल ते. ती थांब्यावरच्या गोणीत टाकायची आणि मग होडी पाण्यात लोटायची. कोणी न उचलता निघाला तर बाकीचे वल्ही आडवी धरून बसायचे, तो उतरून उचलेपर्यंत. मला ही रीत आवडली होती. त्यात भाषण नव्हतं.

वहिनीने वल्हवण्याच्या पहिल्या हंगामात पाचव्या थांब्यावरचं प्लॅस्टिक संपवलं. फाटकी जाळी, बाटल्या, चपला, फोमचे तरंगे. वाळूत रुतलेली जाळी उपसायला तिने कुदळ नेली. गोण्या कयाकच्या मागे पुढे बांधून आणायची. पायाशी पाणी, मांडीवर गोणी. उतरायची तेव्हा गुडघे सरळ व्हायला वेळ लागायचा, पण गोण्या पहिल्यांदा वर काढायची आणि मग स्वतःला.

प्लॅस्टिक संपलं. आता काय? रिकामी गोणी घेऊन परतणं तिला जमेना. वाळूवर भरतीच्या रेषेला समुद्री गवताचा काळा पट्टा पडलेला असायचा. त्याला वास मारायचा, त्यावर माश्या. तिने तो गोणीत भरला. मग काटक्या, शिंपल्यांचे ढीग. मग वाहून आलेले ओंडके. टेकडीकडे चढणाऱ्या वाळूच्या उताराच्या पायथ्याला ते वर्षानुवर्षं पडून होते, अर्धे वाळूत, अर्धे वर. ओंडका कयाकवर येत नाही, म्हणून ती करवत घेऊन गेली. खेपेला जमेल तेवढे तुकडे करून दोरीने ओढत आणायची. शेडमध्ये होड्यांना लावायचं डांबर तापवायला सरपण लागायचं. तिथे द्यायची. करवतीला धार मी लावून देत होतो.

बाकीच्यांनी तिला साथच दिली. पाचव्या थांब्यावर उचलायला बूच नाही, दोरी नाही, पण रीत तर पाळायची. मग लोक काटकी उचलायचे, गवताचा झुबका उचलायचे. गोणी भरायची. वहिनी ती आणायची.

दोन हंगामांत ती वाळू अशी झाली की बघत राहावं. इस्त्री केलेली चादर. मास्तरीणबाईंनी बाकीच्या पालकांना पाचवा थांबा दाखवायला नेलं. वहिनी त्यांच्या मागे मागे, पायाचे ठसे मिटवत.

तिसऱ्या वर्षी उधाणाच्या भरतीला मोठा वारा मिळाला. असं होतं अधूनमधून. बाकीच्या बेटांवर चार फांद्या मोडल्या. पाचव्या थांब्यावरचा वाळूचा उतार निम्मा गेला. जिथे उतार होता तिथे उभा कडा. त्यातून झाडांची मुळं लोंबत होती. दोन झाडं पाण्यात आडवी.

मी वहिनीबरोबर गेलो होतो. माझ्या म्हातारपणी ती मला दुहेरी कयाकमध्ये पुढे बसवायची, वजन म्हणून. ती कड्यापाशी गेली. हात लावला. वाळू घरंगळली. तिने ती ओंजळीत घेऊन परत वर ठेवली. परत घरंगळली. मग ती किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिली. मी हाक मारली तरी थांबली नाही.

शेडमध्ये सगळे जमले. बेटांवरचे पक्षी मोजायला एक मुलगी यायची. विद्यापीठातली होती, पण पायात कायम फाटके बूट. आम्ही तिला पक्षीवाली म्हणायचो. ती बोलायला तयार नव्हती. मास्तरीणबाईंनी विचारल्यावर बोलली.

"ओंडके पायथ्याला होते म्हणून वाळू थांबत होती. गवताचा पट्टा लाटेचा जोर खायचा. त्यात किडे असायचे, त्यावर पक्षी जगायचे. वाळूतच अंडी घालणारे पक्षी आहेत, ते काटक्यांच्या आडोशाला घालतात. गेल्या वर्षी तिथे एकही जोडी बसली नाही."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?" मास्तरीणबाई म्हणाल्या.

"बोलले होते. तुम्ही म्हणालात, एवढ्या मेहनतीने करतात त्या, मन मोडू नको."

वहिनी शेडमध्ये फेऱ्या मारत होती. वल्ह्यांच्या मांडणीपाशी थांबली.

"म्हणजे मी केलं," ती म्हणाली.

"आपण सगळ्यांनी, मावशी," पक्षीवाली म्हणाली. "सगळ्यांनीच उचललं."

"सगळ्यांनी काटक्या उचलल्या. करवत माझी होती." मग म्हणाली, "परत नेऊन टाकते."

पण त्याआधी बेटाचे मालक जागे झाले. बाजारात त्यांचं दोरखंडाचं दुकान. बेट आजोबांकडून आलेलं. तोंडी परवानगीवर पाचवा थांबा चालू होता. त्यांनी निरोप धाडला, थांबा बंद करतो. मास्तरीणबाई पत्र लिहायला बसल्या. वहिनी सरळ दुकानात गेली आणि मला ओढत घेऊन गेली.

मालक दोरीच्या भेंडोळ्यांमध्ये बसले होते. "उत्पन्न शून्य आहे त्या बेटाचं," ते म्हणाले. "तुम्ही लोक उतरता, मी कधी काही बोललो नाही. पण जमीनच कमी व्हायला लागली तर गप्प कसा बसू?"

"ती मी कमी केली."

"तुम्ही?"

"झाडून झाडून."

मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी छताला टांगलेल्या दोरांकडे बघितलं.

"बाई, माझे केस पांढरे झाले. झाडून बेट संपवलेलं आज पहिल्यांदा ऐकतोय."

"मला हंगामापर्यंत वेळ द्या."

"देऊन काय करणार?"

"घाण करते."

त्यांनी दोरीचं टोक उगाच उसवलं, परत पिळलं. "हंगाम उघडायच्या आधी मी स्वतः येऊन बघेन. उतार असाच उघडा दिसला तर मनाईची पाटी लावणार. मग पत्रं लिहू नका."

आता ती चालत नव्हती, धावत होती. समुद्री गवत हवं होतं. गावाच्या चौपाटीवर नगरपालिकेची माणसं रोज सकाळी ते ओढून ट्रकमध्ये भरतात आणि कुठेतरी नेऊन ओततात. वहिनी मुकादमाकडे गेली.

मुकादम म्हणाला, "लोक मला कचरा न्या म्हणून शिव्या देतात. तुम्ही तो मागायला आलात?"

"दोन गोण्या रोज."

"दोन कशाला, ट्रकच दारात उभा करतो. घरचे काय म्हणतील तेवढं बघा."

घरचे म्हणाले. चौपाटीच्या गवतात प्लॅस्टिक अडकलेलं असतं आणि पक्षीवालीने बजावलं होतं, एक तुकडा जाता कामा नये. म्हणून ती गोण्या घरामागच्या मोरीपाशी ओतायची आणि धुलाईघरातल्यासारखी निवड करायची. गवत इकडे, प्लॅस्टिक तिकडे. वास खोल्यांत शिरला. दादा नाकाला रुमाल बांधून जेवायला बसला.

"माणसं बायकोच्या हातच्या जेवणाला घर म्हणतात. मी इथे बंदर म्हणतो."

"मग नांगर टाकून गप्प बसा."

दादा बसला नाही. तोही निवडायला लागला, शिव्या देत. त्याची नजर अधू, त्यामुळे त्याने निवडलेलं ती परत निवडायची. मी निवडलेलंही परत निवडायची.

दुपारी ती गोण्या नेऊन कड्याखाली पसरायची. पुढच्या मोठ्या भरतीला निम्मं गवत वाहून जायचं. ती परत न्यायची. परत जायचं. मी गोदीत शिकलो, वजन उचलण्याआधी ते कशावर टेकणार ते बघावं. इथे टेकायला काही नव्हतं. मी ते बोललो. तिला ते माहीत होतं, पण हात थांबत नव्हते. ती म्हणाली, "नुसतं बसून राहिलं तर सगळंच जाईल."

एकदा वारा अंगावर असताना ती भरल्या गोण्यांसह निघाली. मी नको म्हणालो. वाटेत कयाक आडवी झाली. तिने ती सरळ केली, गोण्या सोडून दिल्या नाहीत, आणि थांब्यावर पोचल्यावर ओल्या कपड्यांनी पसरायला लागली. पक्षीवाली तिथे होती. तिने वहिनीच्या हातातून गोणी काढून घेतली.

"मावशी, बास. गवताने नाही होणार. ओंडके हवेत. मोठे. कुजायला लागलेले, डांबर न लावलेले. ते एकदा बसले की गवत समुद्रच आणून देईल. तुम्हाला आणावं लागणार नाही."

वहिनीने ते ऐकून घेतलं. आपण न आणता काही होईल, हे तिला पटायला जड गेलं असावं.

मास्तरीणबाईंनी वाटेच्या मंडळाकडे मदत मागितली. मंडळाने कळवलं, विचार करू, हंगाम संपल्यावर बैठक आहे. मालक तर हंगामाआधी येणार. वहिनी त्या दिवशी कामावरून सुटून लाकडाच्या वखारीत गेली. तिथे मागच्या अंगाला जुनी खोडं पडून होती. कीड लागलेली, फळ्या न निघणारी. वखारवाला ती जळणाच्या भावाने द्यायला तयार झाला. मग ती लाँचवाल्याकडे गेली. तो म्हणाला, भाडं पूर्ण दिवसाचं, लाकूड नेलं काय आणि वऱ्हाड नेलं काय.

दोघांनाही तिने रोख दिले. मी शेजारी उभा होतो. कुठून आणले ते विचारलं नाही. असं विचारलं की ती पायातल्या चपलेकडे बघते.

खोडं चढवण्याचं काम माझं होतं. एवढ्या वर्षांनी हातात साखळी आली. खोड मध्यावर कधी बांधू नये, जाड बुंध्याकडे सरकून बांधावं, कारण वजन तिथे असतं. दोन वेढे, साखळी स्वतःवर आवळली पाहिजे. लाँचवाल्याच्या क्रेनचा दोर जुना होता, म्हणून एका वेळी एकच खोड घेतलं. तो घाई करत होता. मी त्याला म्हणालो, "घाई असेल तर तू खाली उभा राहा, मी दोर सोडतो." मग त्याला घाई राहिली नाही.

लाँच उथळ पाण्यात जात नाही. भरती पूर्ण चढल्यावर बेटापासून लांब उभं राहून आम्ही खोडं पाण्यात लोटली. पालक मंडळी कयाक घेऊन आली होती. खोडामागे एकेक कयाक, वल्ह्याने ढकलत किनाऱ्याकडे. खोड पाण्यात फिरतं, नाक वळवतं. मास्तरीणबाई एका खोडाशी भांडत बराच वेळ गोल फिरत होत्या. वहिनीचं खोड सरळ गेलं. ती वाळूला लागली आणि दुसऱ्यासाठी परत फिरली. तिसऱ्यासाठी परत. चौथ्याला मी ओरडलो, आता बाकीच्यांना आणू दे. ऐकलं नाही.

ओहोटी लागली तशी खोडं वाळूवर टेकली. पुढचं काम पहारीचं. टेकू द्यायचा, पहार घालायची, दाबायची, खोड तसूभर सरकतं, टेकू पुढे घ्यायचा. ताकदीने ओढणाऱ्यांना मी बाजूला केलं. पाठ मोडते आणि खोड जागेवर राहतं. पक्षीवाली सांगत होती, इथे नको, थोडं तिरपं, दोघांमध्ये फट राहू दे, वाळूला आत यायला जागा हवी. वहिनीला ती फट सहन होत नव्हती. तिने दोनदा खोडं जुळवून सरळ रांगेत लावली. पक्षीवालीने दोनदा तिरपी केली.

"घडी नाही घालायची, मावशी."

"बरं."

"खरंच बरं?"

"बरं म्हटलं ना. तू लाव, मी तिकडे बघते." आणि ती समुद्राकडे तोंड करून उभी राहिली. हात मागे बांधून. बोटं चालूच होती.

पुन्हा पाणी चढायच्या आत शेवटचं खोड बसलं. त्याच दिवशी मास्तरीणबाईंनी सगळ्यांना सांगितलं, पाचव्या थांब्यावर 'एक उचल' नाही. माणसाने केलेली वस्तू सोडून कशालाही हात लावायचा नाही. एक जुना पालक कुरकुरला, रीत मोडते. वहिनी म्हणाली, "रीत पाळून काय झालं ते या कड्याला विचार."

त्यानंतरचे आठवडे वाईट गेले. करायला काही नव्हतं. पक्षीवालीने सांगितलं होतं, आता कोणी वाळूवर पाऊल ठेवायचं नाही, बसू दे. वहिनी तरी जायचीच. उतरायची नाही. कयाकमधून बेटाभोवती फिरायची, लांबून बघायची, परत यायची. घरी आली की भांडी घासायची. घासलेली घासायची. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. दादा म्हणायचा, "पितळ झिजून परवडायचं नाही, त्यापेक्षा तू परत समुद्रावर जा."

हंगाम उघडायच्या आधी मालक आले. मच्छीमाराच्या होडीतून, काठी घेऊन. आम्ही खडकांच्या बाजूने चढलो आणि टेकडीवरून खाली बघितलं. वाळूची बाजू घाण दिसत होती. खोडांच्या मागे वाळू भरली होती. फटींतून आत शिरलेलं गवत अडकून काळं पडलं होतं, त्यावर काटक्या, शेवाळ, शिंपल्यांचा खच. कड्याचा खालचा भाग झाकला गेला होता. वरचा अजून उघडा होता.

मालक खाली उतरू लागले. वहिनीने त्यांची काठी धरली.

"तिकडे जायचं नाही."

"बेट माझं आहे, बाई."

"असेल. वाळू बसतेय. इथून बघा."

त्यांनी काठी सोडवून घेतली. मग खडकावर बसले आणि तिथून बघितलं. बराच वेळ बघितलं. वहिनी त्यांच्यामागे येरझारा घालत होती.

"अर्धंच झाकलंय," मालक म्हणाले.

"हो."

"उरलेलं?"

"ते मी नाही करायचं म्हणे. आपोआप होतं."

"तुमचा विश्वास आहे?"

वहिनी थांबली. "नाही बसत," ती म्हणाली. "पण खालचं मी केलेलं नाही. खोडं आणली तेवढीच. बाकीचं आलं."

मालक उठले. काठीला चिकटलेलं शेवाळ त्यांनी खडकावर पुसलं. "वाळूच्या बाजूला कोणी उतरायचं नाही. तुम्हीसुद्धा नाही. खडकातून उतरता येत असेल तर थांबा चालू ठेवा. पुढच्या वर्षी परत बघेन."

खडकातून उतरणं अवघड आहे. लाट मोजून होडी आत घालावी लागते, नाहीतर तळ फुटतो. मास्तरीणबाई ते बोलणार होत्या. वहिनी म्हणाली, "उतरू." आणि त्याच पावली खाली जाऊन कयाक कुठून आत घालायची ती जागा शोधायला लागली.

पक्षीवाली त्या हंगामात दुर्बीण घेऊन टेकडीवर बसायची. एकदा आम्ही खडकांकडे वळत होतो तेव्हा तिने लांबूनच दोन्ही हात वर करून आम्हाला थांबवलं. जवळ येऊ नका, लांबून वळसा घ्या. कारण तिने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. वहिनीने वल्हं पाण्यातून बाहेर काढून मांडीवर आडवं ठेवलं. कयाक हळूहळू वाहत बाजूला गेली.

घरी आलो तेव्हा दादा खुर्चीत बसून वाट बघत होता. हॉस्पिटलातला वॉर्डबॉय त्याला बाजारात भेटला होता. धुलाईघरातल्या बायकांनी कित्येक रविवार जादा पाळ्या केल्या होत्या. हॉस्पिटल त्याचे पैसे देत नव्हतं. युनियन भांडत होती.

"रविवारचे पैसे मिळाले म्हणे सगळ्यांना," दादा म्हणाला.

"मिळाले."

"कधी?"

"झाले बरेच दिवस."

"मग आहेत कुठे?"

"लाकूड घेतलं."

दादाने खोलीभर नजर फिरवली. पलंग तोच, कपाट तेच, दाराची फळी तशीच फुगलेली. "कसलं लाकूड?"

"कुजलेलं. आणि ते न्यायला लाँच केली."

आता भांडण होणार म्हणून मी उठायला लागलो. त्याने मला हाताने बसवलं.

"नीट लागलं का?" त्याने विचारलं.

"लागलं," वहिनी म्हणाली.